थोरली पाती, धाकटी पाती

गुरुवार, किगाली

मुंबईहून आदिस अबाबा, तिथून रवांडाची राजधानी किगाली. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे व्हिसाचे पैसे पडले नाहीत. रवांडावर राज्य आधी जर्मनांचं आणि मग बेल्जियमचं. इंग्रजांचा तसा काही संबंध नाही, तरी २००९ साली हा देश कॉमनवेल्थमध्ये शिरला. सामानाच्या पट्ट्यापाशी एका मुलीने माझी पिशवी उघडायला लावली आणि आतल्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून घेतल्या, एक चिवड्याची, एक चपलांची. २००८ पासून इथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि ती खरोखरची बंदी आहे. चिवडा तिने कागदात बांधून दिला, तोही चांगला घट्ट.

भाचा इथे एका गोदामाचे हिशेब बघतो. गाडीत बसल्या बसल्या त्याने बजावलं, "मावशी, ते दोन शब्द चारचौघांत काढायचे नाहीत. मराठीत बोलतोय म्हणून चालेल असं समजू नकोस. ते सगळ्या भाषांत सारखेच ऐकू येतात."

"मग म्हणायचं काय?"

"मी आपलं थोरली पाती, धाकटी पाती म्हणतो. संख्येने जास्त ती थोरली."

सातारा-कोल्हापूरच्या माणसाला सुचेल असाच तोडगा. लिहिताना मात्र नावं घ्यावीच लागतील. हुतू ही थोरली पाती, शेकडा पंच्याऐंशीच्या आसपास. तुत्सी धाकटी. दोघांची भाषा एकच, किन्यारवांडा. धर्म तोच, डोंगर तेच, कुळंसुद्धा तीच, आणि सोयरिकी होत असत. गुरं राखणारा तो तुत्सी, शेत कसणारा तो हुतू असा ढोबळ भेद होता आणि दावणीला गुरं वाढली की माणूस इकडचा तिकडे जातही असे. १९३०च्या दशकात बेल्जियन कारभाऱ्यांनी हा भेद प्रत्येकाच्या ओळखपत्रावर छापला आणि ये-जा बंद झाली. १९९४मध्ये तुत्सींची कत्तल झाली तेव्हा रस्त्यावरच्या नाक्यानाक्यांवर तेच ओळखपत्र बघून कोणाला पुढे सोडायचं आणि कोणाला कोयत्याखाली घ्यायचं ते ठरत होतं.

दुपारी गिसोझीच्या स्मारकावर गेलो. टेकडीच्या उतारावर सिमेंटच्या रुंद लाद्यांखाली अडीच लाखांहून अधिक माणसं पुरलेली आहेत. ६ एप्रिल १९९४च्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान किगालीत उतरताना पाडलं गेलं आणि त्या रात्रीपासून कत्तल सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांना मारलं. त्या स्वतः हुतू होत्या, पण कत्तलीच्या कटातल्या नव्हत्या. शंभर दिवसांत किती माणसं गेली? संयुक्त राष्ट्रांचा आकडा ८ लाखांच्या घरातला, रवांडा सरकारचा १० लाखांच्या वरचा. मरणारे बहुतेक तुत्सी, आणि त्यांना वाचवू पाहणारे किंवा साथ न देणारे हुतूही. मारणारे पुष्कळदा शेजारचेच.

वरच्या मजल्यावर मुलांची खोली आहे. एकेका मुलाचा मोठा फोटो आणि खाली पाटी, शाळेच्या ओळखपत्रावर असावी तशी: वय, आवडता खेळ, आवडतं खाणं. त्याखाली, कसं मारलं. दहा वर्षांच्या एका मुलाच्या पाटीवर त्याचे शेवटचे शब्द आहेत की युनामिर आपल्यासाठी येईल. युनामिर म्हणजे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना. २१ एप्रिलला, कत्तल ऐन भरात असताना, सुरक्षा परिषदेने ती सेना २७० माणसांवर आणायचं ठरवलं. मी त्या खोलीतून लवकर बाहेर आले. भाचा आत गेलाच नव्हता, त्याने पूर्वी एकदा पाहिलं होतं.

शुक्रवार, बुगेसेरा

किगालीच्या दक्षिणेला तासाभराच्या आत न्याबारोंगो नदी लागते. गढूळ तांबडं पाणी, दोन्ही काठांना लव्हाळ्याची दलदल. १९९२च्या नोव्हेंबरात लेओन मुगेसेरा नावाच्या एका पुढाऱ्याने भाषणात सांगितलं होतं की तुत्सींना न्याबारोंगोतून त्यांच्या देशी, इथिओपियाला परत पाठवू. तुत्सी बाहेरून आले ही दंतकथा वसाहतकाळात रुजवलेली. दीड वर्षाने नदीतून खरंच प्रेतं वाहत गेली, थेट व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत. मुगेसेरा कॅनडात जाऊन राहिला. २०१२ साली त्याला परत पाठवलं आणि २०१६ साली इथल्या न्यायालयाने जन्मठेप दिली. भाषणाचा न्याय व्हायला चोवीस वर्षं लागली.

न्यामाताचं चर्च विटांचं, साधं, गावाकडच्या शाळेएवढं. लोक आधीच्या दंगलींत चर्चमध्ये वाचले होते, म्हणून याही वेळी आत जमले. आता बाकांवर माणसांऐवजी कपडे आहेत. ढिगानेच आहेत, मातीच्या रंगाला आलेले. पत्र्याच्या छताला बारीक बारीक भोकं आहेत, हातबाँबच्या ठिकऱ्यांची, आणि दुपारी त्यांतून उजेडाचे ठिपके कपड्यांवर पडतात. आवारातल्या कबरींत ४५ हजारांहून अधिक माणसं आहेत. बाहेर अंतोनिया लोकातेल्ली या इटालियन बाईंची कबर आहे. १९९२ सालीच त्यांनी इथल्या हत्यांची बातमी परदेशी रेडिओला दिली आणि त्यांना गोळी घातली गेली. २०२३ साली युनेस्कोने न्यामाता, मुरांबी, गिसोझी आणि बिसेसेरो ही चार ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

बुगेसेरात समेटाची गावं आहेत. तुरुंगातून सुटलेले आणि वाचलेले एकाच वस्तीत राहतात, घरं दोघांनी मिळून बांधलेली. त्यांतल्या एका गावात आमच्यासाठी "कार्यक्रम" ठरला होता. एक माणूस उभा राहिला, मी कोणाला मारलं ते सांगू लागला. सांगणं तासून गुळगुळीत झालेलं, कितीतरी पाहुण्यांपुढे सांगितलेलं, आणि मला अवघडल्यासारखं झालं. ज्या बाईच्या घरची माणसं त्याने मारली ती शेजारीच चटईवर राजमा सोलत बसली होती. मध्येच तो एका नावापाशी अडला. तिने मान वर न करता ते नाव सांगितलं. तिच्या भावाचं.

कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही गाडीकडे निघालो तेव्हा त्या दोघांचं कडाक्याचं भांडण चाललेलं ऐकू आलं. त्याच्या शेळीने तिचा वाल खाल्ला होता. दुभाषाला संकोच वाटला, त्याने भाषांतर करायचं टाळलं, पण शेळीकडे केलेल्या हातवाऱ्यांना भाषांतर लागत नाही. मला कार्यक्रमापेक्षा हे भांडण खरं वाटलं. ज्याला घाबरतो त्याच्याशी शेळीवरून कोणी भांडत नाही.

येताना भाच्याने रस्त्यातली गोठ्यांची घरं दाखवली. २००६ पासून "गिरिंका" योजना आहे: गरीब घराला एक गाय, आणि तिची पहिली कालवड शेजाऱ्याला द्यायची. याच जिल्ह्यातल्या रुवेरू गावात २०१८ साली आपल्या पंतप्रधानांनी २०० गायी दिल्या होत्या. ज्या देशात गाय असणं-नसणं यावरून जात ठरली, तिथे गाय घराघरांत वाटायची यामागे डोकं आहे. शेजाऱ्याला कालवड दिली की तिच्या तब्येतीची चौकशी करायला तरी जावं लागतं.

शनिवार, किगाली

महिन्याचा शेवटचा शनिवार, म्हणजे उमुगांडा. सकाळी ८ ते ११ दुकानं बंद, रस्त्यावर गाडी नाही. १८ ते ६५ वयाच्या प्रत्येकाने गल्लीच्या कामाला यायचं. मी वयात बसत नाही, तरी गेस्टहाउसच्या बाईंनी माझ्या हातात विळा दिला. गल्लीच्या कडेचं गटार उपसायचं होतं. एका बँकेचा अधिकारी, दोन मोटोवाले (मोटरसायकलवरून भाडी नेणारे), एक डॉक्टरीणबाई, शिवाय बरीच पोरंटोरं. कुदळी खाली, गाळ वर, गप्पा चालू. आपल्याकडचं श्रमदान फोटो निघेपर्यंत टिकतं. इथे फोटो कोणीच काढला नाही, हजेरी मात्र घेतली गेली.

काम संपल्यावर झाडाखाली बैठक. आरोग्यविम्याची वर्गणी कोणाची राहिली, रात्रीच्या गस्तीला कोण, एका घरात नवरा-बायकोची मारहाण चालते तिथे कोण जाऊन बोलणार. सगळं मोकळेपणी, एकाच गोष्टीखेरीज.

उमुगांडा जुनी आहे. हाब्यारिमानांच्या काळातही होती, आणि १९९४मध्ये माणसं गोळा करायला हीच घडी वापरली गेली. मारण्याला रेडिओवर "काम" म्हणत. "चला, कामाला." या सरकारने १९९८ साली तीच प्रथा पुन्हा उचलली आणि तिच्या हाती गटार दिलं. मला हे धाडस वाटतं. थोडी भीतीही वाटते, कारण जी यंत्रणा गल्लीतल्या प्रत्येक घराची हजेरी लावू शकते ती कशासाठी वापरायची हे वरच ठरतं.

दुपारी बाईंनी दुधाचा चहा केला आणि सहज बोलता बोलता सांगितलं की त्या गाचाचात पंच होत्या. गाचाचा म्हणजे गवतावर बसून चालवायची गावाची न्यायसभा. १९९४ नंतर तुरुंगांत सव्वा लाखाच्या आसपास माणसं कोंबलेली होती. नेहमीच्या कोर्टांनी खटले चालवले असते तर शंभर वर्षं पुरली नसती. म्हणून गावोगावी साधी, विश्वासाची माणसं निवडून पंच नेमले. सुमारे १२ हजार सभा, जवळजवळ १९ लाख खटले, आणि २०१२च्या जूनमध्ये सगळं बंद केलं. आपल्याकडे तंटामुक्ती समितीपुढे बांधाची आणि पाटाच्या पाण्याची भांडणं येतात. इथे तशाच सभेपुढे खून येत होते, आणि खुनी, साक्षीदार, पंच, सगळे एकाच गावचे.

वकील नसायचा. कबुली दिली की शिक्षा कमी, निम्मी बाहेर सार्वजनिक कामात काढायची. कोणी जुना जमिनीचा राग काढायला खोटी नावं घेतली, कोणी साक्षीदारांना धमकावलं. शिवाय १९९४ची लढाई जिंकलेल्या तुत्सीबहुल सैन्याने, आरपीएफने, जी माणसं मारली त्यांचे खटले या सभांपुढे आलेच नाहीत. हे शेवटचं मी बाईंना विचारलं नाही.

"लोक खरं किती बोलले?" एवढंच विचारलं.

"अर्धं," बाई म्हणाल्या. "पण प्रेतं कुठे आहेत ते कळलं. लोकांना तेच हवं होतं. शिक्षेचं काय, ती कमी-जास्त."

रविवार, न्यांगे

सकाळी मुहांगामार्गे करोंगीला निघालो. २००६ साली प्रांतांची फेरआखणी झाली आणि गावांची नावं बदलली. गितारामाचं मुहांगा, किबुयेचं करोंगी, बुतारेचं हुये. ड्रायव्हर जुनीच नावं घेतो. नामांतराची सवय आपल्यालाही आहे, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. रस्ता सुरेख आहे पण पोटाला सोसत नाही, एक वळण संपलं की दुसरं. डोंगराचा माथ्यापर्यंतचा प्रत्येक उतार पायऱ्यापायऱ्यांनी कसलेला, केळी, चहा, मध्येच निलगिरी.

न्यांगेत आधी चर्चची जागा लागते. १६ एप्रिल १९९४ला इथे दीड हजारांहून अधिक माणसं आत कोंडलेली असताना चर्च बुलडोझरने पाडलं. तिथला पाद्री अथानाज सेरोंबा या कटात होता. टांझानियात आरुशाला या कत्तलीचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ साली अपिलात त्याला जन्मठेप दिली.

मी आले होते ते शाळेसाठी. आयुष्यभर वर्गावर गेलेल्या बाईला दुसरं काय दिसणार. वसतिगृहाची शाळा आहे. रविवार असल्याने मुलींनी धुतलेले गणवेश गवतावर पसरले होते आणि मुलं फाटक्या चेंडूने खेळत होती. रखवालदाराने फोनवर कोणाला तरी विचारून आम्हाला आत घेतलं.

१८ मार्च १९९७ची रात्र. वरच्या वर्गांतली मुलं रात्रीच्या अभ्यासाला बसली होती. तेव्हा पळून गेलेल्या जुन्या सैन्यातले आणि कत्तल करणाऱ्या इंतेराहाम्वे टोळ्यांमधले लोक वायव्येच्या डोंगरांतून पुन्हा हल्ले करत होते. त्यांच्यातले काही बंदुका घेऊन वर्गात शिरले आणि हुकूम सोडला: हुतू एकीकडे, तुत्सी एकीकडे. वर्गात दोन्हींकडची मुलं होती. त्या काळच्या कोणत्याही शाळेत काहींचे आईबाप तीन वर्षांपूर्वी मारले गेलेले असत आणि काहींचे बाप त्याच खुनांसाठी तुरुंगात असत. अशी मुलं एका बाकावर. अर्ध्या वर्गाने नुसतं भिंतीकडे सरकायचं होतं, जीव वाचला असता. शांताल मुजावामाहोरो नावाच्या मुलीने उत्तर दिलं की इथे आम्ही सगळे रवांडाचेच आहोत. तिला गोळी घातली. बाकीचेही हलले नाहीत. मग गोळ्या आणि हातबाँब. सहा मुलं तिथेच गेली, अनेक जखमी झाली.

नंतर त्या सगळ्यांना, गेलेल्यांना आणि वाचलेल्यांनाही, देशाच्या वीरांत जागा मिळाली. आवारात स्मारक आहे. एका मुलीने आपणहून येऊन आम्हाला फलकावरची नावं वाचून दाखवली, सलग, कुठेही न अडखळता. मी तिला विचारलं, "परीक्षेला येतं का हे?" ती हसली. "येतं."

तिथल्या पायरीवर बसून मी मनात सनावळी लावत होते. सरकारचा राष्ट्रीय एकता आणि समेट आयोग १९९९चा. नवा झेंडा, नवं राष्ट्रगीत त्याही नंतर, २००१ अखेरीस. वंशद्वेषी विचारांविरुद्धचा कायदा २००८चा. "मी रवांडाचा" ही मोहीम २०१३ची. न्यांगेची मुलं या सगळ्याच्या आधी बोलून गेली होती. आज तेच वाक्य शाळेत शिकवतात, फलकांवर लिहितात, आणि त्याच्या विरुद्ध बोलणं गुन्हा ठरू शकतो. वाक्य तेच आहे. तेव्हा ते म्हटल्याने जीव जात होता आणि आता न म्हटल्याने नोकरी जाऊ शकते, तुरुंगही दिसू शकतो. १९९४नंतर हे सरकारने सक्तीनेच करायला हवं होतं असं मला वाटतं. रेडिओवरून कत्तल पेटलेल्या देशाला जिभेवर लगाम घालावाच लागतो. पण त्याच लगामाने सरकारवरची साधी टीकाही आवळता येते आणि आवळली जाते. त्या मुलांच्या नावाने हे चालावं, हे मला पटत नाही.

सोमवार, करोंगी

किवू सरोवर. दिवसभर काही केलं नाही. सांबाझा नावाचे बोटभर मासे कुरकुरीत तळून मिळतात, मांदेलीसारखे, आणि सोबत अकाबांगाची बाटली. ही मिरचीच्या तेलाची इवलीशी बाटली डोळ्यांत औषध घालायची असावी तशी थेंबाथेंबाने पिळायची. दोन थेंबांत भाच्याच्या डोळ्यांतून पाणी, मला कोल्हापूरची आठवण.

सरोवराच्या तळाशी मिथेन साठलेला आहे. तो उपसून २०१६ पासून इथे वीज करतात. पलीकडचा किनारा काँगोचा. १९९४मध्ये हरलेलं सैन्य आणि लाखो निर्वासित सीमा ओलांडून तिकडे गेले, आणि तिकडचं युद्ध आजही संपलेलं नाही. त्यात रवांडाचाही हात आहे, असं संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणतात. रवांडा सरकार नाही म्हणतं. इकडची शांतता बघताना तिकडे नजर जातेच.

मंगळवार, हुये

परत मुहांगा आणि तिथून दक्षिणेला. मुरांबी जवळ होतं, गेलो नाही. न्यामाता पुरे झालं होतं.

हुये हे विद्यापीठाचं गाव. १९९४च्या एप्रिलात इथले प्रशासक झां-बाप्टिस्ट हाब्यालिमाना यांनी सुमारे दोन आठवडे कत्तल रोखून धरली होती. त्या वेळचे ते देशातले एकमेव तुत्सी प्रशासक. त्यांना काढून टाकल्यावर दोन-तीन दिवसांत इथेही सुरू झालं. याच गावच्या पॉलिन न्यिरामासुहुको, तेव्हाच्या महिला कल्याण मंत्री, २०११ साली नरसंहाराच्या आरोपात दोषी ठरल्या, आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाकडून तसा ठपका बसलेल्या पहिल्या स्त्री.

याच गावात "इंगोमा न्शा" हे बायकांचं ढोलपथक आहे. रवांडात बाईने ढोलाला हात लावायचा नाही असा दंडक होता. २००४ साली ओदिल गाकिरे कातेसे या रंगकर्मी बाईंनी तो मोडला. पथकात विधवा आहेत, अनाथ झालेल्या आहेत, आणि ज्यांचे नवरे-भाऊ तुरुंगात गेले त्याही आहेत. सरावाला बसायची परवानगी मिळाली. ढोल कमरेपर्यंत उंच, कातडं खुंट्यांनी ताणलेलं, टिपऱ्या जाड. त्या वाजवताना उड्या मारतात, हसतात, एकमेकींना चिडवतात. मधल्या सुट्टीत एकीने माझ्या हातात टिपऱ्या दिल्या. चार ठोके मारले आणि मनगट धरलं. कोण कोणत्या पातीतली हे मला ओळखू आलं नाही, आणि ते ओळखायला मी इतका वेळ बघत होते हे लक्षात आल्यावर मी पाण्याची बाटली उघडली.

बसमध्ये भाच्याशी वाद झाला. तो म्हणाला, "मावशी, तू इथली लोकशाही मोजतेस. २०२४च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष कागामेंना ९९ टक्के मतं पडली, मलाही कळतं की असं कुठे होत नसतं. पण संसदेत साठ टक्क्यांहून जास्त बायका आहेत, आणि रात्री बारा वाजता माझी सहकारीण एकटी घरी जाते. तीस वर्षांपूर्वी याच रस्त्यावर नाके होते."

"कागामेंनंतर काय?"

"ते इथे कोणी विचारत नाही."

"म्हणून तर विचारते."

पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळला. कागामे हे नावही सगळ्या भाषांत सारखंच ऐकू येतं. भाच्याने त्याला किन्यारवांडात काहीतरी सांगितलं, तो हसला, आणि न्यांझाला बस थांबेपर्यंत आम्ही दोघं कणसाच्या भावाबद्दल बोलत राहिलो.